दादानं कुठं उतरावं

बाबांच्या अस्थी वडपे गावातल्या आमच्या आंब्याला टांगलेल्या होत्या. अस्थी घरात आणत नाहीत, आणि आमच्या जमिनीवर गोदामं उभी राहिल्यापासून झाड म्हणावं असं तेवढंच उरलंय. माझा थोरला भाऊ कॅनडात. अग्नी द्यायला तो पोहोचला नाही. निदान विसर्जन तरी थोरल्यानं करावं, म्हणून कलश त्याच्या रजेची वाट बघत होता. कंटेनर मागे घेताना हमाल ओरडायचे, "संभालके, उधर चाचा हैं." मला रडू यायचं नाही. काहीच वाटायचं नाही.

दादाचा बेत पक्का होता: त्यानं दिल्लीला उतरायचं, मी कलश घेऊन तिथं जायचं, मग रेल्वेनं प्रयाग, काशी, गया आणि दिल्लीहूनच परत. नकाशावर बघितलं तर शहाणपणाचं होतं. मुंबईत उतरला तर रेल्वेचा प्रवास उगीच लांबत होता. फक्त त्या बेतात आमचं शेलार गावातलं घर कुठेच येत नव्हतं, आणि घरात आई होती.

दादानं एकदा घरी यावं, पाटावर बसून जेवावं, एवढंच तिला हवं होतं. "कुठं उतरनार हाय तो?" ती रोज विचारायची. मी रोज काहीतरी थाप मारायची. शेवटी कंटाळून खरं सांगितलं. तिनं हातातले वाल बाजूला ठेवले.

"त्याला सांग, बाप पार्सलनं येनार न्हाय. झारावरनं त्यानंच उतरवायचा."

हे ऐकून दादा नरमला. उतरायचं मुंबईत, गाडी कल्याणहून, परतीचं विमान मात्र दिल्लीहूनच. मध्ये घरी निवांत जेवण होईल एवढा वेळ मी ठेवला. बऱ्याच दिवसांनी जरा बरं वाटलं.

विमान वेळेवर आलं. ठाणं सोडल्यावर दादा म्हणाला, "बायपासनं वडपं आधी लागतं ना? कलश घेऊनच घरी जाऊ, पुन्हा उलटी फेरी नको." मलाही पटलं. त्यानं कलश उतरवला, मांडीवर घेतला. गाडी दारात थांबली तेव्हा आई भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यावर उभी होती. आमच्या आधी तिच्या लक्षात आलं. उतरवलेला कलश पुन्हा टांगत नाहीत, आणि ज्यानं तो उतरवला तो विसर्जनाआधी घरात पाऊल टाकत नाही. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट, आणि दोघंही विसरलो.

"आई, आता कोण पाळतं हे सगळं?" दादा म्हणाला.

"मी पालते."

तिनं ताट बाहेर आणलं. दादाचे दोन्ही हात कलशाला, म्हणून तिनंच त्याला गाडीच्या खिडकीतून तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं भरवलं. दुसऱ्या घासाला तो रडायला लागला. मी घड्याळ बघत होते. गाडी चुकेल, एवढीच धास्ती वाटत होती.

सगळं पार पडलं. दादा दिल्लीहून गेला, मी एकटी घरी आले. दादासाठी मांडलेला पाट भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

"पुढच्या टायमाला कुठं उतरंल तो?" आईनं विचारलं.

"मुंबईतच."

"मंग आताच सांगून ठेव त्याला," वाल सोलता सोलता ती म्हणाली. "आधी घरात जेव, मंग माजा कलश उतरव."