डावीकडचं व्हायोलिन

भोंगेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बिल्डिंगमधल्या लोकांनी ते ठेवलं होतं आणि बायकोला ते इतकं पटलं होतं, की माहेरी फोनवर बोलताना तीही "आमचे भोंगेसाहेब" असंच म्हणायची. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून राबलेला हा माणूस घरी आला, की हात धुऊन थेट बाहेरच्या खोलीतल्या त्या एकाच खुर्चीत बसायचा. खुर्ची कपाटाएवढ्या दोन स्पीकरांसमोर, बरोबर मधोमध. तिच्यात दुसऱ्या कुणी बसायचं नाही, ती बोटभरही सरकवायची नाही. केर काढताना सरकलीच, तर साहेब फूटपट्टी घेऊन हजर. पाहुणे आले तर त्यांना नेऊन बसवायचं पलंगावर. आल्यागेल्याला झोपायच्या खोलीत चहा देणारी दुसरी बाई तिला अजून भेटायची होती.

आणि त्या रेकॉर्डी! सुट्टी आली, की स्वारी निघाली बाजारामागच्या तळघरातल्या दुकानात. तिथे जुन्या रेकॉर्डींची खोकी पार छतापर्यंत रचलेली. साहेब फरशीवर फतकल मारून एकेक कव्हर बोटाने पुढे पाडत जाणार, मध्येच एखादी तबकडी काढून उजेडात तिरपी धरणार, फुंकर मारणार, वास घेणार. वास! एकदा ती बरोबर गेली होती. कंटाळून तिनेही एका खोक्यात हात घातला, आणि साहेब कित्येक वर्षं जिच्या मागावर होते ती व्हायोलिनची रेकॉर्ड नेमकी तिच्या हाताला लागली. भर दुकानात त्यांनी तिचे धुळीने काळे झालेले दोन्ही हात धरले होते. लग्नातसुद्धा इतक्या आनंदाने धरले नव्हते. ही गोष्ट ती कुणाला सांगत नसे. सांगितली असती, तर चिडायचा हक्क गेला असता.

अलीकडे मात्र त्याच रेकॉर्डने घरात उच्छाद मांडला होता. तिच्यात व्हायोलिन डाव्या स्पीकरमधून यायचं आणि पियानो उजव्यातून. साहेबांचं म्हणणं, व्हायोलिन दबलंय. "अगं, त्याच्यावर कुणी गोधडी टाकल्यासारखं वाटतंय." पडले फिटर, बिघाड शोधायची रीत हाडात मुरलेली. डावीकडचं उजवीकडे लावायचं आणि बिघाड त्याच्याबरोबर जातो का बघायचं. आधी स्पीकरांची अदलाबदल झाली. मग वायरींची. मग सुई बदलली, दुकानदाराकडून दुसरा अॅम्प्लिफायर आणला. पण काहीही करा, जे डावीकडून वाजेल ते दबलेलंच.

मग संशय आला खोलीवर. उजवीकडे खिडकी, डावीकडे स्वयंपाकघराची भिंत. भिंतीवरचा आरसा उतरला, तिला टेकून गाद्या उभ्या राहिल्या, दिवसभर उभ्या असलेल्या गाद्या झोपायच्या वेळी आडव्या करता करता बाईच्या नाकी नऊ आले. शेवटी एके दिवशी साहेबांनी शांतपणे जाहीर केलं, की दोष भिंतीचाच आहे आणि ती पाडायची.

"आणि मी रांधू कुठे? तुमच्या स्पीकरवर?"

"ओटा राहील गं. फक्त आडोसा जाईल."

"फोडणीचा धूर तुमच्या त्या तबकड्यांवर बसला, की मग माझ्या नावाने ओरडू नका!"

तिने आदळआपट केली, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. घर स्वतःचं, तेव्हा अडवणारंही कुणी नव्हतं. गवंडी ठरला.

गवंडी यायचा त्या सकाळी ती पिठाचे, डाळीचे डबे छातीशी धरून पलंगाखाली नेत होती, आणि साहेब खुर्चीत डोळे मिटून व्हायोलिन ऐकत होते. भिंत पाडायच्या आधीचा आवाज लक्षात ठेवायला हवा ना!

"अगं, डबे जरा हळू," ते म्हणाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सगळं उलटंसुलटं करून झालं तुमचं! स्पीकर झाले, वायरी झाल्या, माझं घर झालं. आता एकदा तुम्हीच उलटे बसा आणि बघा काय होतंय ते!"

साहेबांनी डोळे उघडले. "हे करून बघायचं राहिलं की."

त्यांनी ती खुर्ची चक्क स्वतःच्या हाताने फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसले. आता स्वयंपाकघराची भिंत त्यांच्या उजव्या हाताला आली.

"व्हायोलिन!" ते ओरडले. "अगं, आलं! स्वच्छ येतंय!"

"म्हणजे भिंत चांगली आहे?"

"भिंतीला काय धाड भरलीय!"

तिने हातातले डबे तिथेच जमिनीवर टेकवले. भिंत वाचली, ओटा वाचला. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. गवंड्याला चहा पाजून परत पाठवायचं, असं ती ठरवत होती, तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. साहेब हसत नव्हते. मान खिडकीकडे कलती करून ते ऐकत होते.

"पियानो गेला," ते म्हणाले.

खिडकीकडचा स्पीकर आता त्यांच्या डाव्या हाताला होता. फिटरला याहून जास्त सांगायची गरज नव्हती, आणि तिलाही. घरातल्या झाडून सगळ्या वस्तू बदलून झाल्या होत्या. बदलायचा राहिला होता तो यांचा कान. कारखान्यात पत्रा कापायचं मशीन त्यांच्या डावीकडेच असायचं. कानात बोळे घाला म्हणून वरचे लोक ओरडायचे, तर हे म्हणायचे, बोळे घातले तर मशीनचं दुखणं मला कळणार कसं? तिला भयंकर राग आला, आणि तो काढायचा कुणावर हे कळेना.

"गवंड्याला फोन कर," ते म्हणाले. "येऊ नको म्हणावं."

तिने फोन केला. तोवर त्यांनी रेकॉर्ड थांबवली, पुन्हा खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि उजव्या कानात बोट घट्ट खुपसलं. "आता बोल काहीतरी," ते म्हणाले.

ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिली. या माणसाशी ती कायम वरच्या पट्टीतच बोलत आली होती; आज मात्र आवाज चढेना.

"डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली. "काही ना काही उपाय निघेलच. आणि नाही निघाला, तर मी तुमच्या उजवीकडे बसत जाईन. तुम्ही असं तोंड करू नका हो. ती भिंत पाडायची तर खुशाल पाडा, मी कुठेही रांधीन."

साहेब डोळे मिटून वाट बघत होते.

"अगं, बोल ना," ते म्हणाले. "गप्प का उभी आहेस?"