माळावरची भाकरी

निपाणीहून येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरने बेळगावच्या कचेरीत येऊन निरोप दिला, "तुमच्या आक्का गेल्या. दाजींनी लगोलग बोलावलंय." मी टेबलावरचे कागद आवरले, साहेबांची रजा घेतली, घरी माणूस धाडला आणि त्याच मोटारीत बसलो. सगळे नीट, एकामागून एक केले. काकती मागे पडल्यावर ध्यानात आले, की कचेरीच्या कपाटाची किल्ली माझ्या मुठीत तशीच आहे… ती तळहातात रुतली होती.

आक्का माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. आमची आई प्लेगात गेली तेव्हा मी पाचेक वर्षांचा होतो. तिचा चेहरा मला आठवत नाही. आमच्या गावात, येळ्ळुरात, उंदीर पडू लागले तसे गाव घरांना कड्या घालून माळावर झोपड्यांत राहायला गेले होते. आई आजारी पडली तेव्हा तिला शेजारी वेगळी झोपडी घालून दिली, एवढे मी मोठेपणी ऐकलेले. पण सांगायला संकोच वाटतो, माझ्या लहानपणातली सर्वांत सुखाची आठवण त्याच माळावरची आहे. एक संध्याकाळ. आक्काने दगडांच्या चुलीवर जोंधळ्याची भाकरी केलेली, बोटभर जाड, काळे डाग पडलेली, वर बोटांचे खळगे. त्या खळग्यांत तेल आणि मीठ. मी कुडाकडे तोंड करून बसलो आहे, कुडाच्या फटींतून मावळतीचे ऊन भाकरीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडले आहे, आणि आक्का माझ्या पाठीशी दारात बसून म्हणते आहे, "ही माळावरची भाकरी, दत्त्या. गावात मिळत न्हाय. एकेक पट्टा खात जा."

तिचे लग्न होऊन ती निपाणीला गेली. दाजी तंबाखूच्या वखारीत होते. मी शिकलो, कचेरीत लागलो, पण निपाणीला गेलो की पहिले मागणे त्या भाकरीचे. मग आक्का ती थापता थापता सगळी गोष्ट सांगे. "तीन खाल्ल्यास रं, हावऱ्या! आनि चौथीसाठी माझा पदर वढत हुतास!" घरची पोरे हसून लोळायची. मी तीन खाल्ल्या की एक, मला काय ठाऊक… ती तीन म्हणे, म्हणून तीन. पदर ओढल्याचेही मला तिच्या तोंडून ऐकूनच आठवू लागले. माझा पाट ती नेहमी भिंतीकडे तोंड करून मांडायची आणि स्वतः मागे दारात बसायची. मला वाटे, गोष्टीतल्यासारखे सगळे हुबेहूब असावे म्हणून.

शेवटची भेट श्रावणातली. खोकल्याने तिचा जीव अर्धा झाला होता, तरी उठून काठवटीशी बसली. सून म्हणाली, "आत्ती, सरा, मी करते की." आक्का म्हणाली, "तुला न्हाय जमायचं, पोरी. तुझी भाकरी लई चांगली हुतीया." आम्ही सारे हसलो. दाजी तेवढे हसले नाहीत, हे मला आता आठवते आहे.

दहाव्याच्या आदल्या दिवशी नैवेद्याला काय काय करायचे ते ठरवायला मी बसलो. घरातली अशी कामे माझ्याकडेच येतात. तिच्या आवडीचे म्हणून पहिलेच नाव मी घेतले, "माळावरची भाकरी."

दाजी भिंतीला टेकून बसले होते. "ती नको," म्हणाले.

"का? तिला आवडायची की."

"तुमाला आवडायची, दत्तोबा. तिनं ह्या घरात त्या भाकरीचा तुकडा कधी तोंडात घातला न्हाय."

मग त्यांनी थांबत थांबत सांगितले. लग्नानंतर माझ्याकडून कौतुक ऐकून त्यांनीही एकदा ती भाकरी मागितली होती, तेव्हा आक्का त्यांच्यापाशी बोलली होती… ती संध्याकाळ आई गेली तीच. आमचे वडील अप्पा आणि गावातली दोन माणसे शेजारच्या झोपडीतून तिला उचलून नेत होती. मी भुकेने रडत होतो आणि सारखा बाहेर पळू पाहत होतो. आक्काने त्याआधी कधी भाकरी केली नव्हती. पातळ थापली की फाटायची, म्हणून जाड ठेवली. फाटली तिथे बोटांनी दाबून सांधली, ते खळगे. उलटायला जमेना, करपली. मग मला कुडाकडे तोंड करून बसवले आणि स्वतः दार अडवून बसली.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारले.

"मी म्हटलं हुतं तिला, सांग एकदा. म्हनली, त्येचा माळ चांगला हाय, ऱ्हाऊ द्या तसाच."

या गोष्टीला आता दीड महिना होईल. ती संध्याकाळ मी पुष्कळदा मनात उलगडून पाहिली. हसणे आक्काचे, चव आक्काने सांगितलेली, तीनचा आकडाही तिचाच. माझे स्वतःचे म्हणावे असे त्यात भूक आणि ऊन, एवढेच. आणि हल्ली त्या उन्हाच्या पट्ट्यांपलीकडून, कुडाबाहेरून, ओझे घेऊन चालणाऱ्या पायांचा आवाज येतो. तो मी तेव्हा खरोखर ऐकला होता, की दाजींनी सांगितल्यामुळे आता ऐकू येतो, मला ठरवता येत नाही. आक्का असती तर तिने एका वाक्यात तो आवाज घालवला असता.

दहाव्याच्या नैवेद्याला सुनेने पापुद्रा सुटलेली पातळ भाकरी केली. आक्काला तशी आवडायची, दाजी म्हणाले. निघायच्या दिवशी सुनेने मला जेवायला बसवले. पाट सवयीने भिंतीकडे तोंड करूनच मांडला होता. तिचे तिलाच ध्यानात आले. "इकडं तोंड करून बसा की, मामा. पाट फिरवू का?"

"असू दे," मी म्हणालो.

मी खाली मान घालून जेवत राहिलो. मागे दार सताड उघडे होते आणि पाठीला गार वारा लागत होता. इतक्या वर्षांत त्या पाटावर बसून मला कधी वारा लागला नव्हता.