तक्त्यातली अकरावी ओळ

अडुसष्टाव्या वर्षी माणसं फार तर गुडघ्याला लावायचं तेल बदलतात. आमच्या ह्यांनी गाडी बदलायची ठरवली, आणि तीही साधीसुधी नाही. चार-साडेचार सेकंदांत शून्यावरून शंभरावर जाणारी परफॉर्मन्स इलेक्ट्रिक गाडी. राजाजीनगरच्या घरून जयनगरला माझ्या बहिणीकडे जायला शहरातल्या गर्दीतून आम्हाला सव्वा तास लागतो, त्यातले ते चार सेकंद तुम्ही कुठे वापरणार, असं मी विचारलं. सिग्नल सुटल्यावर, असं उत्तर आलं.

ह्यांचा जन्म गेला एका सरकारी कारखान्याच्या चाचणी विभागात. बेअरिंग यंत्रावर चढवायचं, मोडेपर्यंत फिरवायचं आणि ते किती फेऱ्या टिकलं ते लिहून ठेवायचं. शिवाय तिथे तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय टाचणीसुद्धा विकत घेत नसत, आणि ही खोड निवृत्तीबरोबर घरी आली. मिक्सर, गादी, कुकर, सगळ्यांचे तक्ते आमच्याकडे फाइलला लावलेले आहेत. तांत्रिक समिती म्हणून खाली सही माझी.

या वेळचा तक्ता होता गाडी विकत घ्यावी की लीजवर, याचा. लीज म्हणजे चार वर्षं दरमहा भाडं भरायचं आणि मग गाडी परत करायची. बॅटरी जुनी झाली तर ती डोकेदुखी कंपनीची, पण ओरखडा उठला तर भरपाई आपली. मला ते मुळीच पसंत नव्हतं. शेजारणीचं पातेलं आणलं की ते परत करेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो, इथे तर आख्खी गाडी. ह्यांनाही गाडी स्वतःचीच हवी होती. रंगसुद्धा ठरला होता, गडद निळा.

मग एका रविवारी सकाळी आम्ही ती चालवून बघायला गेलो. पीण्याची कारखान्यांची वसाहत मागे टाकून रस्ता जरा मोकळा झाल्यावर ह्यांनी पाय दाबला आणि माझी पाठ सीटला चिकटली. शोरूमचे गृहस्थ मागून कानडीत "स्वल्प निधान, सर", जरा सावकाश, म्हणत राहिले, पण तसं जाण्याच्या मनःस्थितीत हे नव्हते. ते हसत होते. लग्नानंतर पहिल्यांदा मला स्कूटरवर बसवून नेलं होतं, तेव्हा असे हसले होते. मला फार बरं वाटलं.

आणि दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, लीजच घेऊ. का, म्हटलं, तर तक्त्यात तसंच येतंय म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस पेपरच्या मागे कधी लपतो ते मला कळतं. मी तक्ता काढला. बॅटरी, टायर, विमा, सगळं जिथल्या तिथे. अकराव्या ओळीत लिहिलं होतं, 'चालकाचे उर्वरित उपयुक्त आयुष्य : चार वर्षे.'

ह्यांचा मोतीबिंदू काढून वर्षही झालं नव्हतं आणि लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागला होता, हे मला ठाऊक होतं. त्यावरून त्यांनी मनाशी काय हिशोब मांडला होता, ते ठाऊक नव्हतं. मला संताप आला. बेअरिंगच्या पंक्तीला स्वतःला नेऊन बसवलं होतं, तेही समितीला न विचारता.

मी शाळेत गणित शिकवायचे. तपासायचं लाल पेन अजून घरात आहे. ते घेऊन समोर बसले.

"चालक एकच का धरलाय?"

"तू कुठे चालवतेस?"

चालवत नव्हते हे खरं. वीस वर्षांपूर्वी गाडी आत घेताना मी आमच्या गेटच्या खांबाला घासली होती. हे घरात गेले, व्हर्निअर कॅलिपर घेऊन आले आणि पोचा किती खोल आहे ते मोजलं. त्या दिवशी मी किल्ली हुकाला अडकवली ती कायमची.

ती आठवण मी करून दिली नाही. गरज पडली नाही, कारण त्यांनी पेपर खाली ठेवला.

"ते मोजायला नको होतं मी," ते म्हणाले.

वीस वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती आणि आता ते आलं तर मला रडू यायला लागलं. म्हणून घाईघाईने अकराव्या ओळीवर काट मारली आणि विचारलं, जे बेअरिंग अजून मोडलेलं नाही, त्याच्या आयुष्याच्या रकान्यात तुम्ही काय लिहायचात?

"काही नाही. चाचणी चालू, एवढंच."

"मग तेच लिहा. चालक दोन. दोघांच्याही नावापुढे."

त्यांनी लिहिलं, सुवाच्य अक्षरात, तारीख घालून. मी खाली सही केली.

गाडी आम्ही विकत घेतली. मी महिनाभर शिकवणी लावून पुन्हा हात बसवला, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, म्हणजे इथे गाड्या पुजतात त्या दिवशी, चाकांखाली ठेवलेली लिंबं चिरडत ती गेटमधून बाहेर मीच काढली. हे खांबाशेजारी उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून.