मास्तरांचा भविष्यकाळ

दिल्या शब्दाला जागणारी माणसं रत्नागिरीत पुष्कळ असतील, पण व्याकरणाला जागणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर. ही एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवत असे आणि राहायलाही त्यांच्या शेजारीच होतो, त्यामुळे त्यांचा विक्षिप्तपणा माझ्या वाट्याला दोन्हीकडून आला. मास्तरांचं म्हणणं असं, की भूतकाळ कुणीही वापरावा, तो होऊन गेलेला असतो; भविष्यकाळ मात्र बोलणाऱ्याने निस्तरायचा असतो. एकदा वर्गात त्यांनी "आय शॅल ड्रिंक बटरमिल्क टुमारो" असं उदाहरण दिलं आणि दुसऱ्या दिवशी सणसणीत पडसं असताना तांब्याभर ताक आणून पोरांसमक्ष प्यायले. "गोविंद विल क्लाइंब द फोर्ट" म्हणाले, तर रविवारी त्या गोविंदाला बकोटीला धरून किल्ल्यावर चढवला. त्याच्या बापाने जाब विचारला तेव्हा म्हणाले, "वाक्य दिलंय मी." रस्त्यात कुणी "उद्या येणार ना?" असं विचारलं की नुसते हसत. पुढे लोकही सोकावले. मॅट्रिकच्या पोरांचे बाप आंब्याची करंडी घेऊन "तेवढं पास होण्याचं वाक्य टाका" म्हणत दारात उभे राहू लागले. मास्तर त्यांना करंडीसकट परत पाठवत, आणि मी माझ्या ओटीवर बसून पोट धरून हसत असे.

कार्तिकात वादळ झालं आणि माझं हसणं थांबलं. आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या खारविणीचा मुलगा मुंबईहून येणाऱ्या शिडाच्या मचव्यावर होता, आणि मचव्याचा पत्ता नव्हता. तिन्हीसांजेला ती मास्तरांच्या ओटीवर येऊन बसली.

"माजा पोरगा घरी येल, येवडा तुमच्या विंग्रजीत बोला. तुमचा बोलना खोटा होत नाय."

"बाई, समुद्रापुढे मी काय करणार?" मास्तर म्हणाले. इतका भ्यालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. ती जागची हलली नाही. शेवटी मास्तर उठले, शाळेत घालायचा काळा कोट चढवला आणि समुद्राकडे तोंड करून म्हणाले, "युवर सन विल कम होम." मग आत गेले आणि दार लावून घेतलं.

सकाळी त्यांच्या दोरीवर तो कोट निथळत होता. धुतला असेल, असं मी मनाला सांगितलं.

दोन-चार दिवसांनी मुलगा परतला. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, पण जिवंत. आई त्याला घेऊन मास्तरांच्या पाया पडायला आली. मास्तरांना पाहताच तो पायरीवरच थबकला आणि मला हळूच म्हणाला, "फळीला धरून व्हतो. हात सुटत आला तवा बाजूला पान्यात काळा कोट घातलेला कोन तरी व्हता. विंग्रजीत येकच येक बोलत ऱ्हायला. मना झोपू दिलान नाय."

मास्तर दोरीपाशी उभे होते. "कोट काही वाळत नाही हो," एवढंच म्हणाले.

मास्तरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात एका संध्याकाळी उशाशी बसलो होतो. उठताना सवयीने म्हणालो, "बरे झालात की घरी चहाला या." या खेपेला ते नुसते हसले नाहीत. "आय शॅल कम," म्हणाले, अगदी स्पष्ट. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

बायको रोज दाराला कडी लावायला उठते आणि मी तिला थांबवतो. ती म्हणते, चोर शिरतील. शिरू देत. मला मास्तरांची फार आठवण येते, आणि त्यांनी वाक्य दिलेलं आहे.