ओडिलॉनची वीत

ओडिलॉन आमच्या गॅरेजात तेहतीस वर्षं टायर बसवतोय, काउंटर मी सांभाळते. गिऱ्हाईक मापाचे आकडे सांगायला लागलं की हा नुसती उजव्या हाताची वीत टायरवर टेकवतो. वितीत मावला तर हिवाळ्याचा. नाही मावला तर म्हणतो, "उन्हाळ्यात मिरवा." अरुंद टायर बर्फ कापत रस्त्याला भिडतो, रुंद वरच्या वर तरंगतो, एवढंच त्याचं शास्त्र. नोव्हेंबरात अख्खं रोबेर्वाल गाव त्याच्यापुढे रांग लावतं आणि मुकाट ऐकतं. मीही ऐकते, उगाच डोकं कोण लावणार?

ऐकत नव्हती ती त्याची लेक. जोसियान घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं औषधपाणी बघते, दिवसभर गाडीत. त्या सकाळी ती ठासून म्हणाली, "पप्पा, तळ्याकाठी वाऱ्यानं बर्फ टिकतच नाही, खाली नुसता निसरडा थर; तिथे रुंदच पकड घेतात. हे अरुंद काढा, मला रुंद हवेत."

"तू सुया टोच. टायर मला कळतात."

"मग मी समोरच्या गॅरेजात जाते."

"खुशाल जा. अडकलीस तर मला बोलावू नकोस."

ती तणतणत गेली. दुपारी पोलिसांचा फोन आला, गाडी ओढायची गाडी पाठवा म्हणून. तळ्याकाठच्या वळणावर एक निळी गाडी खाली गेली होती. जोसियानची निळीच. ओडिलॉननं किल्ल्या उचलल्या, मीही त्याच्या शेजारी चढले.

वाटेत तो एकच वाक्य बोलला, "रुंद घातले असणार तिनं." मला असा संताप आला. लेक जिवंत आहे की नाही ठाऊक नाही, आणि ह्याला टायरचं पडलंय.

वळणावर वाऱ्यानं सगळा बर्फ झाडून तळ्यात नेला होता. रस्त्यावर उरली होती नुसती गोठलेल्या पाण्याची काच. कडेच्या ढिगातून मात्र चाकोऱ्या खाली उतरलेल्या दिसत होत्या. ओडिलॉन गुडघ्यांवर बसला, हातमोजा काढला आणि चाकोरीवर आडवी वीत टेकवली.

मावली.

"तिची नाही ही, गिस्लेन," तो म्हणाला. "अरुंद आहे." आणि चक्क हसला.

मला खाली झाडांत निळं दार दिसत होतं, त्यावर जोसियानच्या कुत्र्यानं काढलेले ओरखडेसुद्धा. 

अँब्युलन्सच्या माणसांनी जोसियानला स्ट्रेचरवरून वर आणलं. पाय फळीला बांधलेला, दात वाजत होते. बापाला बघून ती म्हणाली, "मी दुसरीकडे गेलेच नाही, पप्पा. म्हटलं, तुम्हालाच जास्त कळत असेल."

त्याचा हात तसाच चाकोरीवर होता. मीच तो ओढून वर काढला, गार पडला होता.

जोसियानचा पाय ईस्टरपर्यंत प्लास्टरमध्ये राहणार आहे. चौथ्या दिवशी ओडिलॉन कामावर आला. आमचं जुनं गिऱ्हाईक, म्हातारा ऑर्मिडास, नेहमीप्रमाणे म्हणाला, "लाव तुझी वीत आणि दे कुठले ते."

ओडिलॉननं हात पुढे केला आणि परत खिशात घातला.

"आधी सांगा, तुम्ही जाता कुठल्या रस्त्यानं?"

तेहतीस वर्षांत त्यानं हे कुणाला विचारलं नव्हतं. ऑर्मिडास माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली.