लसीच्या नावातील गाय

तासगावच्या पूर्वेला, माळावर, अंजनाबाईंचे घर आहे. त्यांच्या सासरी मेंढरे राखणे पिढीजात होते. आता थोडी शेती आणि दारात एक गाय. ती गाय व्याली, कालवड झाली; त्याच आठवड्यात गावात लंपी रोग शिरला. शेजारच्या ज्ञानूचा बैल अंगभर गाठी येऊन बसला, तो पुन्हा उठला नाही.

जनावरांच्या डॉक्टर पल्लवी लस घेऊन आल्या, तेव्हा अंजनाबाई गोठ्याच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहिल्या. व्यालेल्या गाईचे दूध रविवारी बिरोबाला वाहिल्याशिवाय तिला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, अशी त्यांच्या घराची रीत होती. रविवार अजून लांब होता.

"आये, गाय गेली तर देवाला दूध कुठनं देशील?" मुलगा गुंडा म्हणाला.

"तू गप रं. सुई बघितली की कडब्यामागं पळणारा तू."

पल्लवींचे लक्ष अंजनाबाईंच्या दंडावरील गोल व्रणाकडे गेले. "आजी, हे देवी टोचल्याचं ना?"

"व्हय. मी पाळण्यात व्हते, म्हणून टोचणाऱ्याला सापडले. थोरलीला आईनं ओढ्यात लपवलं. तिला देवी आल्या, त्यातच गेली." त्या बहिणीचे नाव त्यांनी कधीच घेतले नव्हते.

पल्लवी म्हणाल्या, "लसीला इंग्रजीत व्हॅक्सिन म्हणतात. लॅटिन भाषेत वाक्का म्हणजे गाय, त्यावरून ते नाव आलं. गाईंना देवीसारखाच हलका रोग व्हायचा. धार काढणाऱ्यांच्या हातावर फोड यायचे, पण त्यांना देवी येत नसत. त्यातूनच पहिली लस निघाली."

अंजनाबाई दंड धरून उभ्या राहिल्या. "म्हंजे मला गाईनं राखलं?"

"तसंच म्हणा."

"आन् तिच्यावर येळ आली, तवा मी दारात आडवी."

त्यांनी हातपाय धुतले, धार काढली आणि वाटीभर दूध देव्हाऱ्यापुढे ठेवले. "बिरोबा, आज तुझा वार न्हाई. रागवायचं तर माझ्यावर रागव, हिच्यावर नको." मग गाईची मान कुशीत घेऊन त्या म्हणाल्या, "टोच, पोरी."

लस लागू पडायला दिवस लागतात, हे पल्लवींनी लपवले नाही. पुढे गाईच्या अंगावर काही गाठी उठल्या. अंजनाबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या. गाय वाचली.

कालवडीला काय म्हणायचे, असे गुंडाने विचारले.

"हौसा," त्या म्हणाल्या. "माझ्या थोरल्या बहिणीचं नाव हाय."

गुंडाने आपल्या मावशीचे नाव त्या दिवशी प्रथम ऐकले.