कुलपाकडे जाणारा बाण

घाटकोपरला आमच्या वस्तीतल्या शाळेत मुलींच्या संडासाला कुलूप होतं; आत मोडकी बाकं कोंबलेली. पोरी दिवसभर पाणी पीत नसत. त्याविरुद्ध मी सायक्लोस्टाइल केलेली दोन पत्रकं वाटली. हेडमास्तरांनी वाचलीसुद्धा नाहीत! मग तपासणी ठरली आणि पाट्या, बाण रंगवायला एक पेंटर आला.

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक पाटीआधी तो भिंतीसमोर उकिडवा बसायचा, पहिलीतल्या पोराच्या उंचीवरून बघायचा आणि तिथेच खडूने खूण करायचा. जिन्यापाशी, वर्गांपाशी त्याने भराभर बाण काढले. संडासाजवळ मात्र थांबला.

"ए पेंटर, काढ ना रे, उद्या साहेब येतायत!" हेडमास्तर ओरडले.

"सर, बाण बघून पोरगी धावत येणार. पुढे कुलूप दिसलं, तर शिव्या मला घालेल ना!" म्हणत त्याने रंगाचा डबा बंद केला आणि त्यावरच बसला.

तासाभराने शिपायाने कुलूप काढून बाकं बाहेर आणली. पेंटरने आत जाऊन नळ सोडला, पाणी आलेलं पाहिलं आणि मगच ब्रश बुडवला.

बाण झाल्यावर मी त्याला माझं तिसरं पत्रक दिलं. त्याने त्या कागदाला ब्रश पुसला. मला राग आला नाही.